बदकाचं पिल्लू अंडं टोचतं, पण बाहेर येत नाही: काय तपासावं, कुठं थांबावं

बेळगावच्या सीमाभागात बदकं पाळणाऱ्यांकडून मला सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हा एकच. खानापूरकडचे पावसाळ्यात विचारतात, अथणी-रायबागकडचे उन्हाळ्यात. अंडी उबवायचं मशीन बहुतेक वेळा सारखंच असतं, सोबतचं माहितीपत्रकही तेच, आणि पिल्लं मरण्याची कारणं मात्र नेमकी उलटी. म्हणून आधी लक्षणं नीट बघा. उपाय त्यावरून ठरतो.

लक्षणं

- अंड्यामागं बॅटरीचा उजेड धरून बघितलं तेव्हा पिल्लू हलत होतं, पण दिवस भरले तरी कवचाला चीरसुद्धा नाही. फोडून बघितलं तर पिल्लू पूर्ण वाढलेलं, अंगाभोवती घट्ट चिकट पाणी, मान सुजलेली.
- कवचाला भोक पडलं, चोच दिसली, आणि पुढं काहीच नाही. भोकाच्या कडेचा पापुद्रा वाळून तपकिरी झालेला, पिसांना चिकटलेला.
- दोन-तीन दिवस आधीच पिल्लं निघायला लागली, बेंबी उघडी, पोटाबाहेर बलक लोंबतोय.
- उलट दोन दिवस उशीर, पिल्लं मोठी पण लुळी.
- भोक अंड्याच्या निमुळत्या टोकाला पडलं.

पहिल्या आठवड्यातच आत रक्ताचं कडं दिसून अंडं थांबलं असेल तर तो वेगळा दोष आहे. त्याचा संबंध अंडी साठवण्याशी आणि सुरुवातीच्या तापमानाशी येतो, त्याचं थोडक्यात पुढं लिहिलंय.

आता तपासणी. ज्याला पैसा लागत नाही ते आधी.

दिवस मोजा, आणि जात बघा

कोंबडीचे एकवीस दिवस सगळ्यांच्या डोक्यात पक्के असतात. बदकाचे 28. खाकी कॅम्पबेल, पेकिन, इंडियन रनर, आपली गावठी, सगळ्यांचे 28. पण मस्कोव्हीचे 35. चेहऱ्यावर लाल मांसल गाठी असलेलं, ओरडायच्या ऐवजी फुसफुसणारं बदक म्हणजे मस्कोव्ही. बाजारातून आणलेल्या अंड्यांत दोन्ही मिसळलेली असतात आणि अठ्ठाविसाव्या दिवशी लोक जिवंत मस्कोव्हीची अंडी "मेली" म्हणून टाकून देतात. अंडं फेकण्याआधी कानाला लावा, बॅटरी लावा. अंडी ठेवतानाच प्रत्येकावर तारीख पेन्सिलीनं लिहा. मार्करची शाई नको, कवचाला बारीक छिद्रं असतात आणि शाई आत जाऊ शकते.

दुसरं म्हणजे, बदकाला वेळ लागतो. कोंबडीचं पिल्लू भोक पाडल्यावर बहुधा दिवसभरात मोकळं होतं. बदकाचं पिल्लू चोवीस ते अठ्ठेचाळीस तास घेतं. त्यात बराच वेळ ते निपचित पडून असतं. त्या वेळात ते फुप्फुसानं श्वास घ्यायला शिकतं, पापुद्र्यातल्या शिरांमधलं रक्त अंगात ओढून घेतं आणि उरलेला बलक पोटात घेतं. बाहेरून बघणाऱ्याला ते अडकल्यासारखं वाटतं. बहुतेक फोन या अवस्थेतच येतात, आणि त्यातल्या पुष्कळांना सांगावं लागतं, "ताई, काही करू नका, उद्या सकाळी बघा."

झाकण उघडणं बंद करा

28 दिवसांच्या जातींत पंचविसाव्या दिवसापासून अंडी फिरवायची नाहीत आणि झाकण उघडायचं नाही. एकदा झाकण उघडलं की आतली दमट हवा क्षणात निघून जाते, आणि ज्या पिल्लानं भोक पाडलेलं असतं त्याचा पापुद्रा तेवढ्यात वाळतो. वाळलेला पापुद्रा ताठ होतो, पिल्लाला आत गोल फिरता येत नाही, आणि गोल फिरल्याशिवाय कवचाची टोपी कापली जात नाही. निघालेली पिल्लं उचलून घ्यायच्या घाईत मागची पिल्लं जातात. निघालेलं पिल्लू पोटातल्या बलकावर एक दिवस सहज काढतं, त्याला आतच वाळू द्या. घरात लहान मुलं असतील तर त्यांना आधीच समजावून सांगा, काचेतून बघायचं, हात लावायचा नाही.

झाकणावरची भोकं बंद केलीत का?

शेवटच्या तीन दिवसांत दमटपणा टिकावा म्हणून लोक हवेच्या भोकांना चिकटपट्टी लावतात. कृपा करून लावू नका. या दिवसांत पिल्लाला सगळ्यात जास्त ऑक्सिजन लागतो. हवा कोंडली की आतून चिवचिव येते, मग कमी होते, मग बंद होते. दमटपणा वाढवायचा तर पाणी वाढवा. भोकं उघडीच राहू देत.

थर्मामीटर खरं बोलतंय का?

स्वस्त मशीनचा आकडा एखादी डिग्री इकडेतिकडे असणं नेहमीचं आहे. एक डिग्री ऐकायला किरकोळ वाटते, पण 28 दिवस सतत एक डिग्री जास्त मिळाली तर पिल्लं लवकर आणि उघड्या बेंबीनं निघतात. कमी मिळाली तर उशिरा आणि लुळी.

कोरोनापासून बहुतेक घरांत ताप बघायचं डिजिटल थर्मामीटर आहे. तेच घ्या. पेल्यात कोमट पाणी घ्या, ताप बघायचं थर्मामीटर आणि मशीनचा सेन्सर, पातळ प्लास्टिकमध्ये गुंडाळून, शेजारी शेजारी बुडवा. पाणी 38 डिग्रीच्या आसपास असताना दोन्ही आकडे वाचा. फरक असेल तो कागदावर लिहून मशीनवर चिकटवा. उकळत्या पाण्यात 100 डिग्री बघून थर्मामीटर पारखायची पद्धत आपल्याकडे चालत नाही. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण 750 मीटर उंच आहे, इथं पाणी सत्त्याण्णव-साडेसत्त्याण्णव डिग्रीलाच उकळतं.

पंखा असलेल्या मशीनमध्ये 37.5 डिग्री. पंखा नसलेल्या थर्माकोलच्या पेटीत गरम हवा वर साठते, म्हणून तिथं अंड्याच्या वरच्या पातळीला मोजून 38.3 ते 38.8. सेन्सर छताला टांगलेला असेल तर तो वरची ऊब मोजतो आणि खाली अंडी गार राहतात. बदकाचं अंडं कोंबडीच्या अंड्यापेक्षा उंच असतं, त्यामुळं सेन्सरची जागा बदलावी लागते. हे कुठल्या माहितीपत्रकात लिहिलेलं मी बघितलं नाही.

पाणी: खरी गोम इथं आहे

अंडं उबताना त्यातलं पाणी कवचाच्या छिद्रांतून हळूहळू उडायला हवं. जेवढं उडेल तेवढी रुंद बाजूची हवेची पोकळी वाढते, आणि शेवटी पिल्लू पहिला श्वास त्या पोकळीत घेतं. पंचविसाव्या दिवसापर्यंत अंड्याचं वजन साधारण 13 टक्के कमी व्हायला हवं. कमी उडालं तर पोकळी लहान राहते, पिल्लू पाण्यात कोंडतं: पहिलं लक्षण. जास्त उडालं तर पापुद्रा चामड्यासारखा होऊन पिल्लाला चिकटतो: दुसरं लक्षण.

"ट्रेमध्ये अमुक इतकं पाणी घाला" हे वाक्य आपल्या जिल्ह्यात म्हणूनच निरुपयोगी आहे. खानापूर तालुक्यात जुलैत, कणकुंबी-जांबोटीकडं, बाहेरची हवा जवळजवळ पाण्यानं भरलेली असते. ती हवा मशीनमध्ये 37.5 पर्यंत तापली की ट्रेमध्ये थेंबभर पाणी नसतानाही आत चाळीस-पंचेचाळीस टक्के आर्द्रता राहते. अथणीला मार्चच्या कोरड्या दुपारी तीच हवा तापवली तर आत वीस टक्केही धड राहत नाही. दोघांनी एकच ट्रे भरला तर एकाची पिल्लं बुडतात आणि दुसऱ्याची वाळतात. बेळगाव, हुक्केरी, संकेश्वर, निपाणी हा मधला पट्टा. इथं एकाच घरात जून आणि एप्रिल यांचा हिशोब वेगळा करावा लागतो.

पहिले पंचवीस दिवस मशीनमध्ये 55 ते 60 टक्के आणि शेवटचे तीन दिवस 70 ते 75 असा सर्वसाधारण आकडा आहे. पण आधी आर्द्रता मोजायचं मीटर तपासा. बाटलीच्या झाकणात खाण्याचं मीठ घ्या, दोन-चार थेंब पाण्यानं ओलं करा, विरघळू देऊ नका. ते झाकण आणि मीटर एका घट्ट बंद होणाऱ्या पिशवीत रात्रभर ठेवा. सकाळी मीटरनं 75 दाखवायला हवेत. 68 दाखवले तर तुमचं मीटर सात कमी सांगतं. खर्च चिमूटभर मिठाचा.

त्यापुढचा आणि माझ्या मते सगळ्यात खात्रीचा उपाय म्हणजे वजन. स्वयंपाकघरातला एक ग्रॅमपर्यंत मोजणारा डिजिटल काटा पुरतो. पाच-सहा अंड्यांवर खूण करून ती एकत्र तोला, म्हणजे चूक कमी होते. 70 ग्रॅमचं अंडं सातव्या दिवशी साडेसदुसष्टच्या आसपास, चौदाव्याला 65, एकविसाव्याला साडेबासष्ट आणि पंचविसाव्याला एकसष्टच्या जवळ यायला हवं. वजन हळू उतरत असेल तर ट्रेमधलं पाणी काढून टाका. फार भरभर उतरत असेल तर पाणी वाढवा. आठवड्यातून एकदा बघितलं की दुरुस्तीला वेळ मिळतो. पंचविसाव्या दिवशी काही कळून उपयोग नसतो. काटा नसेल तर बॅटरी लावून पोकळीची कड पेन्सिलीनं आखत जा. पंचविसाव्या दिवशी पोकळी अंड्याचा साधारण तिसरा हिस्सा व्यापते.

पाणी वाढवायचं म्हणजे ट्रे खोल भरायचा नाही. बाष्प पाण्याच्या पृष्ठभागावरून निघतं, पाणी किती खोल आहे याचा त्यात काही वाटा नाही. पसरट ताटली ठेवा, किंवा ट्रेमध्ये धुतलेला स्पंज उभा करा. अथणीकडच्या उन्हाळ्यात शेवटच्या तीन दिवसांत दोन स्पंज लागतात. पाणी कोमट घाला, गार पाण्यानं आतलं तापमान खाली येतं.

अंडी फिरताहेत का?

निमुळत्या टोकाला पडलेलं भोक बहुतेक वेळा फिरवण्यातला दोष दाखवतं, किंवा अंडं उलटं उभं ठेवल्याचा. रुंद बाजू वर किंवा अंडं आडवं, एवढंच चालतं. आपोआप फिरवणारे ट्रे बरेचदा कोंबडीच्या अंड्यांच्या मापाचे असतात. बदकाचं अंडं त्यात अडकून बसतं आणि मोटर चालू असूनही ते हलत नाही. अंड्याच्या एका बाजूला फुली आणि दुसऱ्या बाजूला गोल काढा, सकाळ-संध्याकाळ बघा. हातानं फिरवत असाल तर दिवसातून तीन किंवा पाच वेळा, विषम आकडा, म्हणजे रात्रीची लांब वेळ रोज एकाच बाजूवर जात नाही.

खुडूक कोंबडीखाली ठेवली असतील तर

आपल्याकडं ही पद्धत अजून पुष्कळ गावांत आहे, आणि चांगली आहे. खाकी कॅम्पबेल स्वतः अंड्यांवर बसत नाही म्हटलं तरी चालेल, तिच्यावर अवलंबून राहू नका. बुट्टीत भाताचं पिंजर घालून गावठी कोंबडीखाली सहा-सात बदकाची अंडी, त्याहून जास्त नको. कडेची अंडी उघडी राहतात आणि आलटून पालटून सगळीच गार पडतात. अंडं जड असल्यानं कोंबडीला ते नीट फिरवता येत नाही, ती दाणे टिपायला उठली की तुम्ही फिरवा. पंचविसाव्या दिवसापासून तेव्हाच कोमट पाण्याचा हलका शिडकावा द्या. बदकीण ओल्या अंगानं घरट्यात येते, कोंबडी कोरडी येते, तेवढी उणीव ही भरून निघते. कोंबडी मध्येच उठून जायला लागली तर बुट्टी आणि तिचे पंख उघडून उवा बघा.

वीज गेली तर

वळवाच्या पावसात तास-दोन तास वीज जाणं आपल्याला नवं नाही. झाकण उघडू नका, मशीनवर घोंगडी टाका, भोकं मोकळी ठेवा. दुसऱ्या आठवड्यानंतर पिल्लाची स्वतःची ऊब असते, अंडी तेवढी गार पडलेली सहन करतात. उशीर एखाद्या दिवसाचा होईल. जास्त तापण्याला मात्र माफी नाही. चाळीस डिग्रीच्या वर गेलं तर थोड्या वेळातच नुकसान होतं. म्हणून वीज गेल्यावर पेटीत उकळत्या पाण्याच्या बाटल्या अंड्यांना चिकटून ठेवू नका. आणि मशीन पत्र्याच्या खोलीत, खिडकीच्या उन्हात ठेवू नका. एप्रिलमध्ये खोलीच चाळीसला जाते, तेव्हा थर्मोस्टॅट हीटर बंद करण्यापलीकडं काही करू शकत नाही.

अंडीच कमकुवत असतील तर

सगळं बरोबर असूनही निम्मी पिल्लं आतच राहत असतील तर मागं जा. अंडी सात दिवसांच्या आतली हवीत, 13 ते 18 डिग्रीत ठेवलेली. उन्हाळ्यात घरात तेवढा गारवा मिळत नाही, तेव्हा तीन दिवसांपेक्षा जास्त साठवू नका. नाहीतर अंडं उबवणीला ठेवायच्या आधीच अर्धवट वाढायला लागतं आणि थांबतं. फ्रिजमधली अंडी नकोत. धुतलेलीही नकोत, धुताना वरचा रक्षक थर जातो. घाणीनं माखलेलं अंडं सरळ खायला वापरा, पूर्ण शिजवून. लांबून मोटारसायकलवर आणलेली अंडी रुंद बाजू वर करून एक दिवस स्थिर ठेवा. पाच-सहा माद्यांमागं एक नर हवा, आणि तो त्याच घरातला पिढ्यान् पिढ्या चालत आलेला नसावा. नवं रक्त आणायचं तर बंगळूरजवळ हेसरघट्ट्याला केंद्र सरकारच्या कुक्कुट विकास संस्थेत बदकांची पैदास होते, तिथं आधी चौकशी करता येते.

मदत करायची वेळ

भोक पडून छत्तीस तास झाले, त्यात काहीच वाढ नाही, आणि पापुद्रा वाळून तपकिरी झालाय, तेव्हाच हात घाला. खोली गरम करा, हात धुवा. कोमट पाण्यात बुडवलेल्या कापसानं पापुद्रा ओला करा, पिल्लाच्या नाकात पाणी जाऊ देऊ नका. ओला झाला की शिरा दिसतात. लाल शिरा भरलेल्या दिसल्या तर अंडं परत ठेवा, पिल्लू अजून तयार नाही. शिरा दिसत नसतील तर भोकापासून रुंद बाजूच्या कडेनं कवचाचे बारीक तुकडे काढत जा. रक्ताचा एक ठिपका दिसला तरी तिथंच थांबा, पुन्हा काही तासांनी बघा. टोपी मोकळी झाली की पुढचं पिल्लाला करू द्या. ओढून बाहेर काढू नका, बेंबीला बलक लागलेला असू शकतो.

बाहेर आल्यावर पाय लुळे पडले तर

हा पुढचाच प्रश्न, म्हणून इथंच. पहिल्या एक-दोन दिवसांत पाय फाकत असतील तर खाली वर्तमानपत्र आहे का बघा. ते घसरतं. गोणपाट अंथरा. आठवडाभरानं पिल्लू गुडघ्यांवर बसायला लागलं, पाय वाकडे झाले, तर बहुधा नायसिन हे जीवनसत्त्व कमी पडतंय. बदकाच्या पिल्लाला ते कोंबडीच्या पिल्लापेक्षा जास्त लागतं आणि कोंबडीचं खाद्य त्याला पुरत नाही. खाद्यात ब्रूअर्स यीस्ट (बिअर बनवताना वापरतात ते यीस्ट, सुकवलेलं) मिसळलं आणि वेळेत सुरू केलं तर बरेचदा काही दिवसांत फरक पडतो. पहिल्या आठवड्यात ऊब 32-33 डिग्री, मग दर आठवड्याला तीन-तीन डिग्री कमी. पाण्याचं भांडं चोच आणि नाकपुड्या बुडतील एवढं खोल, पण आत बसता येणार नाही एवढं अरुंद. पोहायला सोडायची घाई नको, आईविना वाढलेल्या पिल्लाच्या पिसांना तेलाचा लेप नसतो, ते भिजून गारठतं.

आणि एक गोष्ट कळकळीनं सांगतो. पावसाळ्यात ओल लागलेला मका किंवा जुनी शेंगदाण्याची पेंड बदकाच्या पिल्लांना घालू नका. त्यावरच्या बुरशीतलं अफ्लाटॉक्सिन हे विष बदकाच्या पिल्लाला इतर कुठल्याही पाळीव पक्ष्यापेक्षा जास्त बाधतं, यकृत जातं. बुरशीचा वास येत असेल तर पोतं टाकून द्या, उन्हात वाळवून ते विष जात नाही.

इथं थांबा

मशीनचा आकडा आपोआप वरखाली होतोय, हीटर बंदच होत नाही, किंवा पेटीला हात लावल्यावर झिणझिण्या येतात: प्लग काढा आणि इलेक्ट्रिशियनला बोलवा. पाणी आणि उघडी वायर एका पेटीत आहेत, इथं घरगुती जुगाड नको. तोवर अंडी खुडूक कोंबडीखाली किंवा शेजाऱ्याच्या मशीनमध्ये हलवा.

निघालेली पिल्लं एक-दोन दिवसांत भराभर मरायला लागली, मान मागं वळवून पाय झाडत मेली, किंवा मोठी बदकं हिरवट जुलाब करून अचानक पडायला लागली, तर ते उबवणीचं काम नाही. बदकांचे विषाणूजन्य आजार असू शकतात, बर्ड फ्लूचीही शक्यता धरावी लागते. तालुक्याच्या जनावरांच्या दवाखान्यात त्याच दिवशी कळवा, डॉक्टर म्हणतील तसंच पुढचं करा. मेलेलं पिल्लू ओढ्यात किंवा उकिरड्यावर टाकू नका, कापून बघू नका, राहिलेली बदकं विकू नका. हातमोजे घालून ते दोन पिशव्यांत बांधा, बर्फासोबत डब्यात ठेवा, डीप फ्रीझरमध्ये घालू नका. सोबत न फुटलेली दोन-तीन अंडी आणि तारीख, तापमान, वजन लिहिलेला तुमचा कागद तयार ठेवा, आणि कुठं कसं आणायचं ते डॉक्टरांनाच विचारा.